ग्राहकांनी स्वतः फळे तोडावीत काय?

महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात हिवाळ्यात रस्त्याकडेच्या काही मळ्यांतून एक नवी रीत रुळली आहे. सहलीस आलेली मंडळी टोपली घेऊन मळ्यात उतरतात, आपल्या हाताने स्ट्रॉबेरी खुडतात व वजनाप्रमाणे पैसे देऊन जातात. हे पाहून इतर भागांतील बागाईतदारही, आपण असे का करू नये, असे विचारू लागले आहेत. प्रश्न रास्त आहे. पेट्या व गाडीभाडे वाचते आणि पैसा जागेवर रोख मिळतो, हे खोटे नाही. तथापि हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम फळाचा स्वभाव पाहावा. स्ट्रॉबेरी खुडल्यावर पिकत नाही; रोपावर लाल झालेलेच फळ घ्यावे लागते आणि ते लहान मुलाच्याही हाताशी असते. आंब्याचे तसे नाही. हापूस पक्व पण हिरवा असतानाच झेल्याने उतरवून अढीत पिकवावयाचा असतो. देठाचा चीक सांडला तर साल डागाळते आणि माणसाच्या कातडीसही इजा होते. कोकणातील उंच झाडांखाली पाहुणे उभे करून काय साधणार? सीताफळही काढल्यानंतरच मऊ होते. छाटून बुटकी राखलेली पेरूची बाग किंवा तुती यांचा मात्र विचार करता येईल.

दुसरी अडचण अशी की, फळ रविवारची वाट पाहत नाही. भर हंगामात स्ट्रॉबेरीची तोडणी दर दोन-तीन दिवसांनी करावी लागते. पाहुण्यांची गर्दी सुटीच्या दिवशी. मधल्या वारी मजूर स्त्रिया लागतातच, आणि शनिवार-रविवारी ज्यांना काम नाही म्हणून परत पाठविले, त्या मंगळवारी दुसऱ्याच्या मळ्यात गेलेल्या असतात. त्या सकाळच्या गारव्यात देठासकट फळ खुडतात. पाहुणा न्याहारी आटोपून अकरा वाजता येतो, ऊन लागून मऊ पडलेले फळ ओढतो, दोन चेपतो, एक टाकून देतो. अशा चेपलेल्या फळावर करडी बुरशी धरते व शेजारच्या निरोगी फळांवर पसरते. सबब सायंकाळी घरच्या कोणीतरी सरीसरीतून फिरून टाकाऊ फळे वेचणे, हा या धंद्याचाच भाग समजावा.

सर्वांत महत्त्वाची बाब औषधांची. पाहुणे, विशेषतः मुले, फळ न धुता तेथेच तोंडात टाकतात. फवारणी व काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत, हे औषधाच्या वेष्टनावर किंवा सोबतच्या पत्रकात दिलेले असते. गुरुवारी फवारले आणि अंतर पाच दिवसांचे असले, तर रविवारी मळा बंद ठेवलाच पाहिजे. मग दारात दहा गाड्या उभ्या का असेनात. हे ज्याच्याने होणार नाही, त्याने या वाटेस जाऊ नये. येथे आम्ही भीड ठेवू इच्छित नाही.

आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. मळा खुला करण्याचा निर्णय बहुधा घरधनी घेतो. पाहुण्यांचे पाणी, चहा, स्वच्छतागृह व रडणारी मुले यांचा भार घरधनिणीवर पडतो. तिचा होकार आधी घ्यावा. उघड्या विहिरीस कठडा व कुत्र्यास साखळी, हेही आधीच व्हावे.

इतके करूनही ज्यांची तयारी आहे, त्यांनी सगळा मळा एकदम खुला करू नये. रस्त्यालगतचे तीन-चार गुंठे वेगळे राखावेत, सऱ्या रुंद ठेवाव्यात, प्रवेशशुल्क घ्यावे. कारण पोटात गेलेले फळ काट्यावर येत नाही. बाकीचे पीक नेहमीप्रमाणे बाजारात पाठवावे. दोन्हीकडील गुंठ्यामागील प्राप्ती एकाच वहीत लिहावी आणि त्यात घरच्यांची मजुरीही धरावी. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली मंजूर झाले आहे. त्याखालील नोंदणीचा विचार हंगामभराचे आकडे हाती आल्यावर करावा.

गावपातळीवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. शेतकऱ्यांचा गट असा मळा पाहावयास नेणार असाल, तर रविवारी नेऊ नका. सोमवारी सकाळी न्या, सऱ्यांतून चालावयास लावा, आणि मग घरधनिणीशी बोलू द्या.