बटण दाबले, कुलूप लागले का?

दवाखान्यात ब्रॉडबँडची जोडणी द्यायला आलेला मुलगा अर्ध्या तासात काम आटोपतो आणि निघता निघता विचारतो, ‘डॉक्टर, पासवर्ड काय ठेवू?’ बाहेर पेशंट खोळंबलेले असतात. उत्तर ठरलेले असते : ‘मोबाइल नंबरच ठेव, लक्षात राहील.’ रुग्णांच्या नोंदी आणि तपासण्यांचे अहवाल ज्या संगणकात आहेत, त्याच्याकडे जाणाऱ्या पहिल्या दाराची किल्ली अशा रीतीने दवाखान्याच्या पाटीवर रंगवलेली असते.

पाटी नसती तरी फारसा फरक पडला नसता. आपल्याकडचे मोबाइल नंबर सहा ते नऊ या आकड्यांनीच सुरू होतात, म्हणजे शक्यता फक्त चारशे कोटी. आज बहुतेक ठिकाणी असलेल्या ‘डब्ल्यूपीए-२’ पद्धतीत फोन आणि राउटर यांच्यातली सुरुवातीची देवाणघेवाण हवेतून टिपून घेता येते. मग पासवर्डचा अंदाज घरी बसून बांधता येतो. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला चारशे कोटी अंदाज तपासायला काही तास पुरतात.

यात दोष डॉक्टरांचा, असे म्हणून मोकळे होण्याची आपली सवय जुनी आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना गेलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरापर्यंत पोहोचला. त्या घराचे वाय-फाय पुरेसे सुरक्षित नव्हते आणि ते दुसऱ्याच कोणी वापरल्याचे पुढे दिसून आले. त्यानंतर पोलिसांपासून इंटरनेट कंपन्यांपर्यंत सगळे ‘पासवर्ड लावा’ असे बजावू लागले. तो लावणे सामान्य माणसाला इतके अवघड का जाते, हे विचारायला मात्र कोणी थांबले नाही.

वाय-फाय उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांच्या ‘वाय-फाय अलायन्स’ या संघटनेला हा प्रश्न आधीच पडला होता, हे मान्य करायला हवे. घरगुती ग्राहक आणि छोटी कार्यालये यांच्यासाठी तिने २००७ मध्ये ‘वाय-फाय प्रोटेक्टेड सेटअप’ म्हणजे ‘डब्ल्यूपीएस’ आणले. राउटरवरचे बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचे दाबा, दोघांची ओळख झाली! किंवा राउटरच्या स्टिकरवरचा आठ आकडी पिन टाका. बटणाची कल्पना खरोखर चांगली होती. घात पिनने केला.

आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वाटेल. पण आठवा आकडा आधीच्या सातांवरून हिशेबाने निघतो, त्यामुळे उरल्या एक कोटी. त्यातही राउटर पिनचे दोन तुकडे करून ते वेगवेगळे तपासतो. नकली राउटरच्या हाती सगळा पिन एकदम पडू नये, हा त्यामागचा उद्देश. प्रत्यक्षात पहिले चार आकडे चुकले की राउटरच्या उत्तरावरून तसे कळते. म्हणजे पहिल्या तुकड्यासाठी जास्तीत जास्त दहा हजार प्रयत्न, दुसऱ्यासाठी एक हजार. एक कोटीचे अकरा हजार झाले! स्टेफान फीबॉक या संशोधकाने डिसेंबर २०११ मध्ये हे उघड केले. चुकीच्या प्रयत्नांनंतर पिन रोखून धरण्याची सोय अनेक राउटरांत नव्हती; त्यामुळे काही तासांत पिन सापडे आणि पिनच्या बदल्यात राउटर खरा पासवर्ड देऊन टाकी. तुम्ही तो कितीही अवघड ठेवलेला असो. काही राउटरांत तर ही सोय मेनूतून बंद केली तरी आतून चालूच राहत असे. अशा वेळी ‘ग्राहकांनी जागरूक राहावे’ या उपदेशाला काय अर्थ उरतो?

सोपेपणा आणि सुरक्षा यांचे वैर आहे, असा धडा यातून काढणे चूक ठरेल. २०१८ मध्ये आलेल्या ‘डब्ल्यूपीए-३’ने पासवर्डचा घरी बसून अंदाज बांधण्याची वाट बंद केली. त्याच वर्षीच्या ‘ईझी कनेक्ट’मध्ये नव्या उपकरणावरचा क्यूआर कोड फोनने टिपला की काम होते, त्या कोडमध्ये पासवर्ड नसतो. (हॉटेलच्या गल्ल्यावर चिकटवलेला वाय-फायचा क्यूआर वेगळा. त्यात पासवर्ड जसाच्या तसा असतो. दवाखान्यात तो लावायचाच तर पाहुण्यांसाठीच्या स्वतंत्र जाळ्याचा लावावा.)

तंत्र आहे, ते सक्तीचे करण्याची इच्छा हवी. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२०पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला प्रत्येकी वेगळा पासवर्ड हवा, नाहीतर वापरण्याआधी नवा पासवर्ड ठेवायला भाग पाडणारी सोय तरी हवी. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून सर्व नगांना एकच सोपा पासवर्ड देण्यास बंदी आहे आणि सुरक्षेची अद्यतने किमान कधीपर्यंत मिळतील, हे उत्पादकाने सांगावे लागते. आपल्याकडे बहुतांश राउटर इंटरनेट कंपनीच घरी आणून बसवते, त्यामुळे हे काम खरे तर अधिक सोपे आहे. राउटर ‘डब्ल्यूपीए-३’चा असावा, पिन कारखान्यातच बंद करावा, प्रत्येक नगावर वेगळा लांब पासवर्ड छापावा आणि जोडणीच्या पावतीवर अद्यतनांची शेवटची तारीख लिहावी. मग त्या मुलाला निघताना पासवर्ड विचारावाच लागणार नाही आणि डॉक्टरांनाही आपला नंबर सांगावा लागणार नाही.