आधी विग्रह, मग नाव

आई मुलाला सांगते, "दुकानातून दोनचार लिंबे घेऊन ये." मूल दोन आणि चार मिळून सहा लिंबे आणीत नाही, दोन, तीन, फार तर चार आणते. रात्री "अंथरूणपांघरूण काढ" असे सांगितले, तर ते सतरंजी आणि चादर काढून थांबत नाही. न सांगता उशाही आणून ठेवते. म्हणजे समासाचा विग्रह करणे मुलाला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच येत असते. परंतु हेच मूल पुढे वहीत 'दोनचार म्हणजे दोन आणि चार' असे लिहून मोकळे होते. घरी जे अचूक कळत होते, ते वर्गात का कळेनासे व्हावे?

दोष मुलाचा नाही; शिकविण्याच्या क्रमाचा आहे. पुष्कळदा आरंभीच अव्ययीभाव, तत्पुरुष, द्वंद्व आणि बहुव्रीही ही चार नावे फळ्यावर येतात व त्यांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या जातात. मुले नावे घोकतात आणि शब्दाकडे पाहतच नाहीत. द्वंद्व म्हटले की दोन पदांमध्ये 'आणि' घालावयाचे, एवढी एकच खूण त्यांच्यापाशी उरते.

वस्तुतः समास ही बोलण्यातील काटकसर आहे. 'पुरण घालून केलेली पोळी' असे लांबलचक कोण म्हणत बसणार? मधले शब्द गळतात आणि पुरणपोळी उरते. पोळी लाटण्याचा पाट तो पोळपाट. येथे तर पोळीचा शेवटचा स्वरही गळाला. पुरणपोळीत पुरण आत असते, पोळपाटात मात्र पोळी आत नसते, वर असते! घरभाडे हे घराचे भाडे. पण घरजावई हा काही घराचा जावई नव्हे, तो सासऱ्याच्या घरी राहणारा जावई. गळालेला हा संबंध शोधून पुन्हा जागच्या जागी बसविणे, हाच विग्रह. मुलांना हे काम खेळासारखे वाटते. शिकविण्याचा आरंभ तेथूनच व्हावा.

नावे नकोतच, असा याचा अर्थ नव्हे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात समासाची जी व्यवस्था लावली, तिच्यावाचून शेकडो शब्दांची वर्गवारी करणे कठीण झाले असते. पण ती नावेही सोडवून दाखवावीत. व्रीही म्हणजे भाताचे धान्य. ज्याच्यापाशी पुष्कळ व्रीही आहे तो बहुव्रीही, म्हणजे एखादा सधन शेतकरीच म्हणा ना! तत्पुरुष म्हणजे त्याचा पुरुष, त्याचा माणूस. द्विगू म्हणजे दोन गाईंच्या मोलाने घेतलेला. ही नावे त्या त्या समासाचीच उदाहरणे आहेत. व्याख्या तोंडपाठ असलेल्या किती मुलांना ही गंमत कोणी सांगितलेली असते?

शिवाय नुसत्या नावांच्या तक्त्याने सगळेच शब्द सुटत नाहीत. 'आजोबा पीतांबर नेसून पूजेला बसले' या वाक्यात पीतांबर म्हणजे पिवळे वस्त्र. येथे समास कर्मधारय. 'भक्ताने पीतांबराचा धावा केला' या वाक्यात पिवळे आहे वस्त्र ज्याचे तो, म्हणजे विष्णू; येथे तोच शब्द बहुव्रीही. वाक्य पाहिल्याखेरीज उत्तर देताच येत नाही. आणि आजोबांचा पीतांबर तांबडा निघाला, तर वर्गात हशा पिकेल खरा. पण पूजेच्या वेळी नेसावयाच्या रेशमी वस्त्राला, त्याचा रंग कोणताही असो, मराठी माणूस पीतांबरच म्हणतो.