सहलीची आगाऊ रक्कम कोणाची?

वर्षभर काटकसर करून नोकरदार माणूस सहल कंपनीकडे आगाऊ रक्कम भरतो, तेव्हा सेवा मिळण्यापूर्वीच तो कंपनीला बिनव्याजी भांडवल पुरवीत असतो. २०२० च्या टाळेबंदीत सहली रद्द झाल्या आणि अनेकांच्या हाती रोख परताव्याऐवजी पुढील सहलीचे आश्वासन पडले.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. मुदत २ वर्षांची असून ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाही. परंतु करारच अन्याय्य आहे असे म्हणावयाचे, तर जिल्हा आयोग सोडून राज्य आयोगाकडे जावे लागते. लहान गावातील शिक्षकास हे कितपत परवडावे?

युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशानुसार संयोजकाने रद्द केलेल्या सहलीचे पैसे १४ दिवसांत परत करावे लागतात. संयोजक दिवाळखोर ठरला तरी प्रवाशांच्या रकमेस संरक्षण असते. आपल्याकडे अशा सहलींसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. सहल पार पडेपर्यंत ही रक्कम प्रवाशाची ठेवच मानली जावी, असे बंधन कायद्यानेच घातले पाहिजे.