फुलाचं नाव विचारण्याआधी

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. गावामागच्या डोंगरउतारावर सकाळी फिरायला गेलो होतो. गुडघे कुरकुर करतात म्हणून फार वर जात नाही, पण त्या दिवशी ऊन पडलं होतं म्हणून गेलो. करवंदीच्या जाळीला धरून एक नाजूक वेल चढलेला आणि त्याला दोन फुलं. फुलं कसली, कंदीलच ते! खाली फुगीर तळ, त्यावर बोटाएवढी उभी नळी, अंगावर जांभळट ठिपके, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला छोटासा पिंजरा. सत्तरी उलटली, निम्मं आयुष्य याच तालुक्यात मास्तरकी करण्यात गेलं, पण हे फूल कधी पाहिलं नव्हतं. (की पाहिलं होतं आणि लक्ष दिलं नव्हतं, देव जाणे.)

नातीनं दिलेला मोबाइल काढला आणि फुलाचे अकरा फोटो घेतले. अकराही फुलाचेच, जवळून. फोनला विचारलं तर त्यानं क्षणात नाव सांगितलं : सेरोपेजिया, कंदीलपुष्प. मी खूष. घरी येऊन फोटो ओळखीच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकले, आणि उत्साहाच्या भरात ते कुठे आहे, कोणत्या पायवाटेनं जायचं, सगळं साग्रसंगीत लिहिलं.

त्यातल्या एका वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या मित्राचा फोन आला. "गुरुजी, कंदीलपुष्प हे घराण्याचं नाव झालं. आपल्या सह्याद्रीत यांच्या कितीतरी जाती आहेत, त्यातल्या काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. खोडावर केस आहेत का? पानांवर लव आहे का? पान केवढं?" माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. अकरा फोटोंत एक पान धड नव्हतं.

आता बघा, मी मराठीचा शिक्षक. मुलांना आयुष्यभर बजावत आलो की उताऱ्याचं एक वाक्य वाचून उत्तर लिहू नका, आख्खा उतारा वाचा. आणि स्वतः मात्र मुखडा पाहून मोकळा झालो. माझं तर मत असं झालंय की अनोळखी झाड दिसलं की फुलाचा फोटो सर्वांत शेवटी घ्यावा. आधी सबंध झाड, ते कुठल्या जमिनीत उभं आहे ते. मग पानाची वरची बाजू, खालची बाजू, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. खोड. फळ असलं तर फळ. शेजारी आपलं बोट किंवा पेन ठेवावं म्हणजे माप कळतं. कुकसाहेबांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जाडजूड नोंद केली, तीत वर्णनं फुलाइतकीच पाना-खोडाची आहेत. ते उगाच नव्हे. फोनचं यंत्र हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण आपण जेवढं दाखवू तेवढ्यावरच ते बोलणार.

मित्रानंच त्या फुलाची गंमत सांगितली. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत शिरते आणि अडकते. केस सुकेपर्यंत तिची सुटका नाही. मग ती परागांच्या पोटल्या अंगावर घेऊन बाहेर पडते, दुसऱ्या कंदिलात जाते. हे घराणं आपल्या रुईच्या कुळातलं, शेंगासुद्धा जोडीनं येतात आणि बियांना रुईसारख्याच म्हाताऱ्या असतात. हे ऐकल्यावर मला त्या शेंगा पाहायच्या होत्या.

आठ दिवसांनी गेलो. करवंदीला वाळलेला वेल लोंबत होता आणि खाली वीतभर खड्डा. कंद गेलेला.

शेळ्या राखणाऱ्या एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "हामण व्हय ती. कांदा ग्वाड लागतोय, पोरं उकरून खात्यात. साळिंदरबी खातंय." म्हणजे जिला मी अनोळखी म्हणत होतो तिचं नाव, तिची चव, सगळं या माउलीला ठाऊक! मी आधी हिलाच का विचारलं नाही?

साळिंदरानं उकरला असेल. गुराखी पोरांनी खाल्ला असेल, तर त्यांचाही मला राग नाही, त्यांच्या वाडवडिलांनी खाल्ला तरी हामण राहिलीच होती. पण पायवाट लिहून मी कुणाला तिथवर नेलं असेल का, हा प्रश्न काही मनातून जात नाही. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कास पठारावर फुलांच्या हंगामात राखण असते. आमच्या उतारावर कोण उभं राहणार? आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर धोक्यात आलेल्या जातीची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, नकाशावर वीसेक किलोमीटरचा चौकोन तेवढा दिसतो. एवढी अक्कल यंत्राला शिकवलेली आहे. आम्ही ग्रुपवाले मात्र "कुठे आहे हो?" असं कुणी विचारलं की लगेच पत्ता देतो, आणि न विचारताही देतो.

आता मी फोटो दाखवतो, ठिकाण विचारलं तर तालुक्याचं नाव सांगून गप्प बसतो. दोघं-तिघं रागावलेत. रागावोत.

यंदाही श्रावणात जाऊन आलो. करवंद आहे, वेल नाही. माझ्या वहीत त्या पानावर अजून "हामण" लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलेलं आहे, कारण खोडावर केस होते की नव्हते, ते मी पाहिलंच नाही.