विहारासाठी संगणक: मॅक, विंडोज की लिनक्स?

दापोली-मंडणगड भागातल्या बौद्धवाड्यांमध्ये अलीकडे एक चांगली चर्चा सुरू झाली आहे. जयंतीच्या वर्गणीतून पैसे उरले तर विहारात मुलांसाठी संगणक घ्यावा, असं गाव शाखेची आणि मुंबई शाखेची माणसं बोलू लागली आहेत. आंजर्ले परिसरात काम करताना बैठकांमध्ये हा विषय मी अनेकदा ऐकला आहे. पण विषय निघाला की पाच मिनिटांत तीन गट पडतात. मुंबईहून आलेला तरुण म्हणतो, घ्यायचा तर मॅकच घ्या. गावातला म्हणतो, विंडोजशिवाय नोकरीला काय चालतं? एखादा इंजिनिअर झालेला मुलगा लिनक्सचं नाव काढतो, तेव्हा बाकीचे एकमेकांकडे बघतात. मग विषय पुढच्या बैठकीवर जातो आणि उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या डीजेत.

या भांडणात मी एक बाजू घेते. वाडीकडे लाखभर रुपये असतील तर एक चकचकीत नवं यंत्र घेऊ नये. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले, तपासून दुरुस्त केलेले चार लॅपटॉप घ्यावेत. तिघांवर लिनक्स टाकावं आणि एकावर परवान्याचं विंडोज ठेवावं. हे परवडतं म्हणून मी म्हणत नाही. ते आपल्या हातात राहतं म्हणून म्हणते.

गरज कुणाची आहे?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरात हे प्रमाण २३.४ टक्के होतं. ही सगळ्या जातींची मिळून सरासरी आहे. त्यात आपला वाटा किती असेल, हे वाडीतली घरं मोजली की कळतं.

"आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, संगणक कशाला?" असं विचारणाऱ्यांनी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवरून भरून पाहावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका स्कॅन करायच्या, ठरावीक आकारात बसवायच्या, अपलोड करायच्या. एक चूक झाली की अर्ज परत. मग मुलगी एसटीने दापोलीला जाते, दुकानात रांग लावते, पैसे देते, आणि तिचा पासवर्ड दुकानदाराच्या वहीत राहतो. शिवाय घरातला मोबाईल बहुतेक वेळा बापाचा किंवा भावाचा असतो. मुलीच्या हातात तो रात्री दहाला येतो, तोही रिचार्ज शिल्लक असेल तर. मोबाईलवर व्हिडिओ बघता येतो, पण दहा पानांचा प्रकल्प लिहिता येत नाही, हिशोबाचा तक्ता करता येत नाही, टायपिंगची परीक्षा देता येत नाही. बघणारा आणि करणारा यांत फरक आहे. आपली मुलं फक्त बघणारी राहावीत का?

मॅक का नको?

मॅक वाईट नाही. बॅटरी दिवसभर पुरते, आवाज नाही, वर्षानुवर्षं चालतो. आपली एखादी मुलगी चित्रपट संकलन शिकत असेल, तर तिला जरूर घेऊन द्यावा. प्रश्न विहाराचा आहे.

आजच्या मॅकबुक एअरमध्ये रॅम आणि साठवणूक दोन्ही मूळ बोर्डावरच पक्की बसवलेली असतात. पुढे वाढवता येत नाहीत, बिघडली तर बोर्डच बदलायची वेळ येते. हे काम दापोलीच्या दुकानात होत नाही, यंत्र बाहेर पाठवावं लागतं. आंजर्ल्याची हवा खारी, पावसात भिंतींना ओल. इथे यंत्र कधी ना कधी उघडावं लागणारच. जे यंत्र आपल्या तालुक्यात उघडता येत नाही, ते बिघडलं की कपाटात जातं. आणि यंत्र एकच असलं की ते आधीपासूनच कपाटात असतं, कारण किल्ली अध्यक्षांकडे असते आणि "पोरं खराब करतील" ही भीती सगळ्यांना असते.

या दोन प्रकारच्या यंत्रांमागे इतिहास आहे. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात मिळणारे सुटे भाग जोडून बनवला आणि त्याची तांत्रिक माहिती छापून विकली. दुसऱ्या कंपन्यांनी त्याच्यासारखी यंत्रं बनवायला सुरुवात केली, भाव पडले, सुटे भाग जगभर मिळू लागले. ॲपलने १९८४ च्या मॅकिंटॉशपासून उलट रस्ता धरला. यंत्र आमचं, प्रणाली आमची, दुरुस्तीही आमच्याच हातची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आज जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड, बॅटरी, रॅम सुटी मिळते, ती त्या पहिल्या रस्त्यामुळे. तो रस्ता एका कंपनीच्या हातून सुटला, म्हणूनच गरिबाच्या घरापर्यंत आला.

"पुन्हा आपल्या वाट्याला उतरणच का?"

सगळ्यात जोरदार आक्षेप हा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वरच्या जातींची मुलं नवी यंत्रं वापरणार आणि आपल्या मुलांना ऑफिसांनी टाकलेली? १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळ्यापाक्या तुकड्यांवरचं जगणं सोडायला सांगितलं होतं. त्या परंपरेतल्या माणसाला जुनी वस्तू टोचणारच, आणि टोचली पाहिजे.

पण उतरण म्हणजे काय, हे नीट बघू. उतरण ती, जी दुसरा आपल्या मर्जीने देतो, जी नाकारता येत नाही आणि जी घेतल्यावर मान खाली घालावी लागते. वस्तू जुनी आहे म्हणून ती उतरण होत नाही. आपल्या वर्गणीचे पैसे मोजून, दहा यंत्रं उघडून बघून, आठ नाकारून, दोन निवडून, पावती घेऊन आणलेली वस्तू ही खरेदी आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली होती. जुनं पुस्तक हातात घेताना त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांची नजर पुस्तकात काय आहे याकडे होती.

उलट, एखाद्या पुढाऱ्याने निवडणुकीआधी फोटो लावून फुकट दिलेला नवा कोरा संगणक हीच खरी उतरण. तो नवा असला तरी. अशी देणगी आली तर नम्रपणे परत करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिनक्स: गरिबाचं की शहाण्याचं?

दुसरा समज असा की लिनक्स म्हणजे फुकटातलं, दुय्यम. फिनलंडच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतली सगळी यंत्रं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात. लिनक्स मिंट किंवा उबुंटू शिकलेली मुलगी दुय्यम काही शिकत नाही. केरळने तर सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभं केलं. २०१९ मध्ये तिथल्या दोन लाखांहून जास्त शालेय संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली नवी प्रणाली आली, तेव्हा परवान्यांचे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचतील असा तिथल्या यंत्रणेचा अंदाज होता.

आपल्याकडे "विंडोज फुकट आहे" असं समजतात, कारण दुकानदार क्रॅक केलेलं टाकून देतो. आपण विहारात पंचशील घेतो. त्यातलं दुसरं शील न दिलेली वस्तू न घेण्याचं आहे. वर बुद्धमूर्ती, समोर पंचशील आणि खाली चोरीचं सॉफ्टवेअर, हे जमत नाही. शीलाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी क्रॅकबरोबर व्हायरस येतात, आणि त्याच यंत्रावर आपण बँकेचे आणि शिष्यवृत्तीचे पासवर्ड टाकतो.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट यंत्रं एका कंपनीच्या निर्णयाने म्हातारी ठरली. तीच यंत्रं आज बाजारात स्वस्त मिळतात आणि लिनक्सवर आणखी काही वर्षं आरामात काम करतात. कंपनीने टाकाऊ ठरवलेलं आपणही टाकाऊ का मानायचं? कुणाला तरी जन्मतारखेवरून निकामी ठरवणारी व्यवस्था आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

मग एक विंडोज कशाला?

कारण परीक्षा आपल्या मतावर चालत नाहीत. एमएस-सीआयटी घ्या. अनेकांना वाटतं, त्यातलं एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्ट. ते महाराष्ट्र स्टेट आहे. पण शिकवणीचा भर विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरच असतो, त्यामुळे लोकांचा गैरसमज तसा वावगाही नाही. सरकारी नोकरीच्या अनेक जाहिरातींत हे प्रमाणपत्र मागतात. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. ऑटोकॅड लिनक्सवर येत नाही. नुसत्या तत्त्वासाठी मुलांची नोकरी पणाला लावायचा अधिकार कुणालाही नाही. म्हणून एक यंत्र आठव्या किंवा पुढच्या पिढीचं, परवान्याच्या विंडोज ११ सह घ्यावं. कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये परवाना बहुतेक वेळा यंत्रातच नोंदलेला असतो. पैसे देण्याआधी सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशन तपासावं.

मराठी टायपिंग मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिकवावं. हा कीबोर्ड विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत आहे. आपल्या चळवळीची किती पत्रकं, अहवाल, स्मरणिका जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये अडकून पडल्या आहेत! फाईल उघडावी तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पैसे देऊनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला, भारत भूषण प्रेस. आपलं लिखाण दुसऱ्याच्या यंत्राच्या मेहेरबानीवर राहू नये, ही त्यामागची समज होती. छापखान्याच्या जागी आज संगणक आहे.

लॅपटॉपच का, आणि किल्ली कुणाकडे?

डेस्कटॉप स्वस्त पडतो, पण वीज गेली की युपीएस दहा-पंधरा मिनिटांत मान टाकतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी असते, ते सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातली गावं कित्येक दिवस अंधारात होती, आणि शाळा त्याच सुमारास ऑनलाइन झाल्या होत्या. लॅपटॉपला वीज कमी लागते, बॅटरीवर काही तास चालतो, आणि छप्पर उडायची वेळ आली तर पिशवीत घालून सुरक्षित घरी नेता येतो. इंटरनेट नसलं तरी बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड पीडीएफमध्ये चारही यंत्रांवर ठेवता येतात.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्र कोणतंही घ्या, किल्ली एका पदाधिकाऱ्याच्या खिशात राहिली तर सगळं वाया. किल्ली महिला मंडळाकडे द्या. वापराची वही ठेवा. रोजच्या वेळेपैकी निम्मी वेळ मुलींसाठी राखून ठेवा, आणि ती संध्याकाळी उजेडातली असू द्या. दहावी-बारावी झालेल्या दोन मुली आणि दोन मुलगे यांना यंत्र उघडणं, रॅम बदलणं, लिनक्स टाकणं शिकवा. दर महिन्याला प्रत्येक घराकडून थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढा.

भाव रोज बदलतात, म्हणून मुंबई शाखेच्या दोघांनी आधी बाजारात फिरून तीन दुकानांचे लेखी भाव आणावेत. यंत्रांना किमान ८ जीबी रॅम आणि एसएसडी असावी, दुकानदाराने लेखी वॉरंटी द्यावी. उरलेल्या पैशांत एक प्रिंटर-स्कॅनर बसतो का ते पाहावं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारात रोज धम्मग्रंथाचं वाचन होतं, म्हणजे विहार रोज उघडतोच. त्याआधीच्या बैठकीत हा ठराव घ्या, म्हणजे वाचनाआधीचा एक तास मुलांना या यंत्रांवर मिळेल. डीजेवाला या वर्षी थोडा नाराज झाला तरी चालेल.

जयभीम. नमो बुद्धाय.