मुलाखतीच्या खोलीबाहेरची कंपनी

वाळूज येथील बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन 5 नोव्हेंबर 1985 रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले, आणि त्यानंतर वाळूजला व पुढे शेंद्र्याला जे लहानमोठे उद्योग वाढले, त्यांनी मराठवाड्यातील आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकीच्या असंख्य विद्यार्थ्यांना पहिली नोकरी दिली. मुलाखतीत काय उत्तर द्यावे हे या मुलामुलींना शिकवणारे वर्ग या भागात पुष्कळ आहेत. समोरची कंपनी कशी पारखावी, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी शिकवते.

कार्यसंस्कृती, म्हणजे एखाद्या संस्थेत न सांगता पाळल्या जाणाऱ्या कामाच्या रीती, हिचे अमेरिकी अभ्यासक एडगर शाईन यांनी तीन थर मानले: डोळ्यांना दिसणारी मांडणी, तोंडाने सांगितली जाणारी मूल्ये आणि तळाशी असलेली, कोणी बोलून न दाखवणारी गृहीतके. मुलाखतीत पहिले दोन थर सहज दिसतात. तिसरा थर गेटवर, कॅन्टीनमध्ये आणि शिफ्ट सुटताना दिसतो. कायम कामगार आणि ठेकेदाराचे कामगार एकाच ठिकाणी जेवतात का, दोघांच्या पायांत सारखेच सेफ्टी शूज आहेत का, आणि 2013 च्या कायद्याने दर्शनी भागी लावणे बंधनकारक केलेला, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा आदेश भिंतीवर खरोखर आहे का, हे पाहणाऱ्या उमेदवाराला माहितीपत्रकापेक्षा अधिक कळते.

तरीही सर्वांत निर्णायक प्रश्न नेमणूक कोणाच्या रोलवर होणार, म्हणजे नोकरी कागदोपत्री कंपनीची की ठेकेदाराची, हाच आहे. ‘ट्रेनी’ या शब्दाआड तर आणखी एक भेद दडू शकतो: 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्या व्यक्तीस वेतनाऐवजी विद्यावेतन मिळते, ती कायद्याने कामगार ठरत नाही, आणि मुदत संपल्यावर तिला सामावून घ्यायचे की नाही याचे धोरण 2014 च्या दुरुस्तीनुसार मालकानेच ठरवायचे असते. ते धोरण विचारल्यावर स्पष्ट सांगणारी कंपनी आणि ‘आधी जॉइन तर व्हा’ म्हणणारी कंपनी यांच्या तळच्या थरांतील अंतर तेथेच उघड होते.

परंतु शेती विकून किंवा कर्ज काढून शिकवलेल्या मुलाने हा प्रश्न एकट्याने विचारावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे, कारण नकाराची किंमत त्याचे घर मोजते. महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांनी कंपनीला मुलाखतींसाठी आवारात बोलावण्यापूर्वीच रोल, विद्यावेतन आणि मुदतीनंतरचे धोरण लेखी मागून घ्यावे, आणि ते उत्तर सूचनाफलकावर लावावे.