चारही बाजू ३३ फूट, तरी गुंठा भरत नाही!

आमच्या चळवळीतल्या कुठल्याही कार्यकर्त्याला झोपेतून उठवून विचारा, गायरानावरची अतिक्रमणं नियमानुकूल करायची तारीख कोणती? तो डोळे न उघडता सांगेल, १४ एप्रिल १९९०. वतनाची जमीन विकायला परवानगी कोणाची लागते? जिल्हाधिकाऱ्यांची. भोगवटादार वर्ग-२ म्हणजे काय, सबलीकरण योजनेत किती जमीन मिळते (चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती), सगळं तोंडपाठ. आता त्यालाच विचारा, चार वाकड्या बाजूंच्या वावराचं क्षेत्रफळ कसं काढतात? उत्तर येईल, "ते मोजणीवाले काढतात."

ते 'मोजणीवाले काढतात' हेच आमचं दुखणं आहे. आणि हे आम्ही दुसऱ्यांवर बोट रोखून म्हणत नाही. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, गणिताशी दहावीनंतर रामराम केलेले. त्याची किंमत आमच्या डोळ्यांदेखत एका मावशींनी मोजली.

मावशी सफाईच्या कामातून निवृत्त झाल्या. हातात आलेल्या पैशातून पुण्याच्या पूर्वेला एक गुंठा घ्यायचं ठरलं. गुंठेवारीचे धोके आम्ही त्यांना सांगितले होते. पण आयुष्य झोपडपट्टीत काढलेल्या बाईला 'स्वतःची जागा' या शब्दापुढे आमचे धोके किती दिसणार? सौद्याच्या दिवशी एजंटने सगळ्यांसमोर टेप ओढला. पहिली बाजू ३३ फूट. दुसरी ३३. तिसरी ३३. चौथीही ३३. "झाला का नाही गुंठा?" म्हणाला. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, बरोबर गुंठाच. आम्ही तिघं पदवीधर तिथे उभे होतो, त्यातला एक सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. आम्हीही मान डोलावली. नारळ फुटला.

खोली बांधायला घेतली तेव्हा गवंड्याने कोपऱ्यात गुण्या लावला आणि म्हणाला, "मावशी, जागा गुण्यात नाही." रस्ता तिरका गेला होता आणि त्या रस्त्याला धरून प्लॉटही तिरके पाडले होते. चौकोन नव्हता तो, शंकरपाळी होती. मग आम्ही कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरला. काटकोनी गुंठ्याचा कर्ण ४६ फूट ८ इंच यायला हवा. आला ३८.

आता हिशेब करा. ३३, ३३ आणि ३८ बाजूंचा त्रिकोण. बेरीज १०४, तिची निम्मी ५२. या ५२ मधून एकेक बाजू वजा केली की १९, १९ आणि १४. चौघांचा गुणाकार २,६२,८०८. त्याचं वर्गमूळ ५१२.६५. असे दोन त्रिकोण, म्हणजे १०२५ चौरस फूट आणि वर थोडं. गुंठ्याला जवळजवळ ६४ चौरस फूट कमी. आठ बाय आठची एक आख्खी खोली! मावशींनी ती विकत घेतली, पैसे मोजले, आणि ती कुठेच नाही.

याला लागलं काय? पाच मापं. चार बाजू आणि एक कर्ण. पडताळ्याला दुसराही कर्ण घ्यावा. इथे तो ५४ फूट येतो, नाही आला तर टेप कुठेतरी ढिला पडला असं समजावं. उतारावर टेप जमिनीलगत न धरता आडवा, पातळीत धरावा, नाहीतर माप फुगतं. बस. जमिनीला पाच-सहा कोपरे असले तर त्रिकोण वाढतात, रीत तीच राहते.

गावाकडची 'समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि गुणा' ही रीत अजून चालते. ती आयताला बरोबर आहे. बाकी कुठल्याही चौकोनी आकारात ती क्षेत्र खऱ्यापेक्षा जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. जास्त दाखवलेल्या क्षेत्राचे पैसे कोणाच्या खिशात जातात हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न असा, की पंधरा त्रिकोणांची वर्गमुळं बांधावर उभं राहून कोण काढणार? इथे प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर येतो. या यंत्रात रीत एकदाच लिहून ठेवायची. पुढे ते एकेक बाजू विचारतं, आपण आकडा टाकायचा, ते क्षेत्र सांगतं; गुंठ्यात हवं तर गुंठ्यात, आरमध्ये हवं तर आरमध्ये. कॅसिओचा एफएक्स-५८००पी हा सर्वेक्षकांच्या ओळखीचा. १९७४ साली एचपी-६५ आला तेव्हा चुंबकीय पट्टीवर साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा खिशात मावला. आज तेवढेही पैसे नकोत: एचपी-४२एस या जुन्या यंत्राची नक्कल करणारं फ्री४२ हे ॲप मोबाइलवर फुकट चालतं.

मग मोजणीचं कुठलंही तयार ॲप का नको? कारण तयार ॲप उत्तर देतं, रीत दाखवत नाही. कॅल्क्युलेटरमधला प्रोग्रॅम ओळ न ओळ उघडून वाचता येतो. आठ-दहा ओळींचा कागद वस्तीतल्या अकरावीच्या पोरीला दिला तर ती तपासू शकते. एजंट, वकील, पुढारी आणि आम्हीसुद्धा, सगळ्यांना तिच्यासमोर उत्तर द्यावं लागतं.

आमच्या त्या डिप्लोमावाल्या मित्राला विचारलं, तू तरी का नाही बोललास? तो म्हणाला, "परीक्षेत प्रोग्रॅमेबल चालतच नव्हता." खरं आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवरच छापलेलं असतं, नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर वापरायला परवानगी. परीक्षेपुरतं ते ठीक. पण परीक्षा संपल्यावरही पोरांच्या डोक्यात तो शब्द कॉपीच्या चिठ्ठीसारखा राहतो आणि शिकलेली रीत प्रश्नपत्रिकेबरोबर रद्दीत जाते. तीन वर्षं सर्व्हेइंग शिकलेला तरुण बांधावर मुका उभा राहतो. हा शिक्षणाचा दोष, की आम्ही त्याला कधी बांधावर बोलावलंच नाही हा दोष? आमच्या मते दोन्ही, पण दुसरा जास्त.

जरा मागे जा. हा ३३ फूट आकडा आला कुठून? ब्रिटिश अमदानीतली मुंबई इलाख्याची मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. ही मोजणी आपल्या पुणे जिल्ह्यातच घडली. आधी प्रिंगलने केली. तिच्यातल्या चुका आणि कर्मचाऱ्यांची लाचखोरी यांनी ती बुडाली. मग १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नव्याने सुरुवात केली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या गावच्या शिवेचं भांडण लागलं की साक्ष महाराची. शीव कुठून कुठे जाते हे त्याच्या पायांना ठाऊक. पण पायांचं ज्ञान कागदावर उतरलं तेव्हा लेखणी दुसऱ्याच्या हातात होती. भूमि अभिलेखात टिपण असतं, आकारबंद असतो आणि 'गुणाकार बुक' असतं, ज्यात क्षेत्राचा हिशेब मांडलेला. साखळीचं टोक आमच्या पूर्वजांच्या हातात आलंही असेल. गुणाकार बुक कधीच आलं नाही. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' उगाच उगारला नव्हता. धरणाच्या कामाला दगड पुरवणाऱ्या या ठेकेदाराने मोजमापातली गंमत जवळून पाहिली होती.

काही जुने कार्यकर्ते आम्हाला सुनावतात, जमीन आंदोलनाने मिळते, गणिताने नाही. १९५९ आणि १९६४-६५ चे दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह ते सांगतात. आम्ही त्यापुढे नतमस्तक आहोत. पण सत्याग्रहाने मिळालेल्या चार एकरांतले प्रत्यक्ष ताब्यात किती, हे कोणी मोजलं? शेजारच्या बड्या जमीनदाराने दरवर्षी नांगराचं एकेक तास आत घेतलं तर सातबारा तसाच राहतो आणि वावर आकसतं. २०२५ मध्ये मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला, तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर, फेसबुकवर पेटलो. पेटायलाच हवं होतं. पण ४० एकर म्हणजे १६०० गुंठे, म्हणजे साधारण १६ हेक्टर १९ आर, एवढं रूपांतर करून सातबाऱ्याशी ताडून पाहणारे आमच्यात किती निघाले?

दुसरा आक्षेप तरुणांचा. आता ईटीएस आलं, रोव्हर आला, उपग्रहावरून मोजतात, आता कसली चूक? बाबांनो, यंत्र बिंदूचे आकडे बरोबर देतं. पण तो रोव्हर कोणत्या दगडावर टेकवायचा हे माणूस ठरवतो, आणि माणसाला हद्द दाखवायला तिथे पाटलाचा पुतण्या आधीच उभा असतो. तुम्ही पंचनाम्यावर सही करता ती नेमकी कशावर? कोपऱ्यांचे आकडे मिळाले, तर त्यांच्या तिरप्या गुणाकारांतून क्षेत्र काढणं हाही कॅल्क्युलेटरच्या दहा ओळींचा खेळ आहे. 'क' प्रतीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. जमत नसेल तर निमताना मोजणीचा अर्ज करा, आणि अर्जात 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच न लिहिता किती चौरस मीटरचा फरक कोणत्या दोन कोपऱ्यांमध्ये येतो ते लिहा. पहिल्या वाक्याची फाईल करता येते, दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

एक सांगून ठेवतो. आमच्या टेपने आणि कॅल्क्युलेटरने मालकी सिद्ध होत नाही आणि हद्दही कायम होत नाही. हद्द कायम करण्याचा अधिकार भूमि अभिलेख विभागाचा. ही बांधावरची खटपट केवळ प्रश्न विचारण्यापुरती आहे. खोटी आशा कोणाला लावू नका.

मावशी त्या एजंटकडे जाऊन आल्या. तो म्हणाला, तुमच्यासमोरच मोजलं होतं ना? मावशी म्हणाल्या, हो, पण आडवं नव्हतं मोजलं. पैसे अजून मिळालेले नाहीत. त्याच रांगेतल्या ज्या घरांनी गुंठे घेतले, त्यांचे कर्ण आम्ही आता एकेक करून मोजतो आहोत आणि सगळ्यांचे आकडे एका वहीत उतरवतो आहोत. तक्रार एकट्या मावशींची जाणार नाही. सर्व्हेइंग शिकलेल्या भावा-बहिणींनी रविवारची सकाळ द्यावी. प्रोग्रॅम लिहिलेला कागद आमच्याकडे आहे, ५० फुटी टेप आहे, दुसरं टोक धरायला माणूस कमी पडतो.

जय भीम!